एका दोरावर दोन पंख

(दृश्य: वडगाव, मागांची गल्ली. धोट्याचा आवाज काही क्षण तसाच ठेवावा.)

बेळगावचं वडगाव. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. साडीचं काम चालूच आहे. कोपऱ्यातल्या नाड्या विणायच्या यंत्रावर मात्र आज वेगळाच धागा चढतोय, पांढरा, गुळगुळीत, हाताला मेणासारखा. हा पॉलिथिनचाच भाऊबंद. बाजारात त्याला डायनीमा म्हणतात. पाण्यात टाकला तर तरंगतो, आणि वजनाला वजन लावून बघितलं तर पोलादी तारेला कित्येक पटींनी भारी पडतो.

यंत्रावर वाकलेले गृहस्थ जॉबर आहेत. उभं आयुष्य माग दुरुस्त करण्यात गेलं. शेजारची मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती त्यांना मामा म्हणते. दोघं विणताहेत तो दोर दोन पंखांसाठी: चढताना वीज त्यातून वर जाईल, आणि पंखांनी वारा धरला की वाऱ्याची वीज त्यातूनच खाली येईल.

(मूळ आवाज: "ताण सारखा ठेव की गं. एक बाजू सैल पडली की सगळं वाकडंच येतंय."
"पण मामा, आतली तार तुटायलीय."
"तुटणारच. सरळ घातलीस ती. पिळून घाल, म्हंजे दोर ताणला तरी तारेला जागा ऱ्हाते.")

दोराच्या पोटात तांब्याच्या दोन बारीक तारा आहेत. ओढ बसली की दोर लांबतो. तांब्याला तेवढं लांबता येत नाही. मामांनी मागावरच्या अनुभवातून सांगितलेला हा पीळ मोठमोठ्या कंपन्यांच्या उडत्या पवनचक्क्यांच्या दोरातही असतो. मामांनी त्या पाहिलेल्या नाहीत.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, 1918.)

दोरातून वीज वर पाठवायची कल्पना शंभर वर्षांपूर्वीची. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याला टेहळणीच्या बलूनला पर्याय हवा होता. पेत्रोत्सी, कार्मान आणि झुरोव्हेत्झ यांनी विजेच्या मोटरवर चालणारं, दोरांनी बांधलेलं हेलिकॉप्टर बनवलं. वीज जमिनीवरून केबलने जायची. यंत्र मोजक्या वेळा उडालं, मग मोटर जळाली. पुढचं यंत्र पेट्रोल इंजिनांवर आलं. ते सुमारे 50 मीटर चढलं आणि त्याच वर्षी कोसळलं. यातले कार्मान पुढे विमानशास्त्रातलं मोठं नाव झाले.

(दृश्य: टेबल, मीटर, तारांची वेटोळी.)

आता हा हिशोब नीट बघा, सगळी मेख इथं आहे. बॅटरीवरचं ड्रोन अर्ध्या तासात खाली येतं. खालून वीज दिली तर ते तासन्‌तास वर राहील, पण तारेचं वजन त्यालाच उचलायचंय. तार बारीक केली की ती तापते आणि वीज वाटेतच संपते. उपाय एकच, व्होल्टेज वाढवायचं. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह निम्मा लागतो, आणि तारेतलं नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणून दोरावरच्या ड्रोनला शेकडो व्होल्ट देतात आणि वर पोचल्यावर उतरवून घेतात. उतरवणाऱ्या सर्किटची ही पेटी उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या, एका वर्कशॉपमध्ये घासून हलकी केलेली आहे. ज्या लेथवर एरवी पंपाचे भाग होतात, त्याच लेथवर.

दोराने ओढण्याचा इतिहास याहून मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं मेसरश्मिट 321 हे अजस्र ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, ओढायला आधी तीन विमानं एकत्र जुंपली. ते फार धोक्याचं ठरलं, म्हणून दोन हाइन्केल बॉम्बर पंखाला पंख जोडून मध्ये पाचवं इंजिन बसवलं. नासाने 1997-98 मध्ये सी-141 या मालवाहू विमानामागे एफ-106 हे लढाऊ विमान सुमारे 300 मीटरच्या दोराने ओढून उडवलं. आपल्याकडे पुण्यात हडपसरच्या मैदानावर ग्लायडर वर जायचं ते विंचच्या, म्हणजे जमिनीवरून तार गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, तारेने. उंची मिळाली की वैमानिक तार सोडून देतो.

मग उचलणं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विजय कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ड्रोनना तीन दोरांनी एकच ओझं उचलायला लावलं. दोरांचे कोन बदलले की ओझं हवं तसं कलतं. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात 2015 साली ड्रोननी दोर गुंफून माणूस चालत जाईल असा 7.4 मीटरचा पूल बांधला. हा व्हिडिओ मामांना दाखवला, तेव्हा त्यांचा चेहरा बघा.

(मूळ आवाज: "गाठ बरोबर मारतंय की रे हे! फक्त ताण बघायला माणूस पाहिजे.")

(दृश्य: खानापूरच्या बाजूचा माळ. वारा. गवत झोपलेलं.)

सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र शहराच्या पूर्वेला. म्हणून दोर विणणारी मंडळी दक्षिणेला येतात. नकाशावरचं हिरवं, म्हणजे ड्रोनला मोकळं, क्षेत्र, 120 मीटरची मर्यादा, सगळे कागद जागेवर.

पतंग उडवलेल्या कोणालाही ठाऊक असतं: स्थिर पतंग मवाळ ओढतो, आडवा गोता मारला की मांजा बोट कापतो. वाऱ्याला आडवं धावणाऱ्या पंखाला वाऱ्याच्या कित्येक पट वेग मिळतो. माइल्स लॉइड या अमेरिकन अभियंत्याने 1980 मध्ये याचंच गणित मांडलं: अशा पंखावर छोट्या पवनचक्क्या बसवा आणि वीज दोरातून खाली आणा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांची पाती जिथं संपतात त्याच्या कितीतरी वर, सुमारे दीड किलोमीटरवर, पावसाळ्यात पश्चिमेच्या वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो. तो आपल्या डोक्यावरून जातो आणि आपण लोडशेडिंगचं वेळापत्रक बघत बसतो.

अडचण पुन्हा दोराचीच. पंख धावतो तेव्हा दोरही हवा कापत धावतो. दोर सरळ धरला तर हवेच्या विरोधात वाया जाणाऱ्या शक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश एकटा वरचा चौथा हिस्सा खातो, कारण वेग तिथंच जास्त. म्हणून काही संशोधक म्हणतात, एका दोराला वर दोन फांद्या काढा, दोन पंख लावा आणि समोरासमोर फिरवा. फुगडी घालणाऱ्या दोन मुली एकमेकींचा भार तोलतात, तसे दोन पंख एकमेकांची ओढ तोलतात. मधला जाड दोर जवळजवळ जागेवर राहतो. जे कापायचं ते फक्त आखूड फांद्या कापतात.

याची उलट बाजू मिशनरी वैमानिक नेट सेंट यांनी 1950 च्या दशकात इक्वाडोरच्या जंगलात वापरली होती. विमान गोल गोल फिरायचं आणि लांब दोराच्या टोकाची बादली खाली माणसाच्या हातापाशी जवळजवळ स्थिर राहायची.

(दृश्य: दोन पंख वर चढताना. निवेदन थांबवावं.)

चढताना खालून वीज जाते, मोटरी पंखे फिरवतात. वारा धरला की तेच पंखे जनित्र होतात.

(दृश्य: मीटरचा काटा उलट सरकताना.)

वीज उतरतेय. वर चढायला जेवढी लागली तेवढी अजून परत येत नाही.

गुगलच्या पाठबळाची मकानी ही कंपनी 600 किलोवॅटच्या पंखापर्यंत पोचली, 2019 मध्ये नॉर्वेच्या समुद्रावर उडाली, आणि 2020 मध्ये बंद पडली. दोर तुटला तर काय, हा प्रश्न खरा आहे. मांजाने गळे कापल्याच्या बातम्या दर संक्रांतीला येतात. उड्डाणाच्या वेळी माळावरची पायवाट दोन्हीकडून बंद असते.

(दृश्य: ड्रमवर दोर गुंडाळताना. जॉबर मामा बोटांनी दोर चाचपत.)

एका जागी वरचं विणकाम खरवडलंय. मामा तिथं खडूने खूण करतात. वरच्या फांद्या आता गोल न ठेवता चपट्या, हवा कापतील अशा विणायच्या आहेत. नाड्यांच्या यंत्राला ते जमत नाही, त्याचे गिअर बदलावे लागतील. माप घेतलंय, काम उद्यमबागेत द्यायचं ठरलंय, आणि पैसे कोण भरणार यावर टेंपोत अजून बोलणं चालू आहे.