युरियातला नायट्रोजन आणि सुरजागडचं लोखंड

श्रोतेहो, नमस्कार. पऱ्हाटीला खत द्यायचे दिवस आहेत, तर युरियापासूनच सुरुवात करू. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलोच्या आसपास नायट्रोजन असतो. कारखान्याने तो हवेतून घेतला. पण हवेत तो आला कुठून?

विश्व सुरू झालं सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी. पहिल्या काही मिनिटांत वजनाने पाऊण हिस्सा हायड्रोजन, पाव हिस्सा हेलियम आणि नावापुरता लिथियम, एवढंच तयार झालं. तिथे गाडी अडली. ५ किंवा ८ कणांचा अणुगर्भ टिकतच नाही, आणि विश्व तर भराभर थंड अन् विरळ होत होतं.

वाट सापडली ताऱ्यांच्या पोटात. १० कोटी अंशांना दोन हेलियम जुळून बेरिलियम होतो. तो लगेच फुटतो, पण फुटायच्या आत तिसरा हेलियम आदळला की कार्बन! त्यासाठी कार्बनमध्ये एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असं ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी आधीच सांगितलं होतं. १९५३ साली ती प्रयोगात सापडलीही.

आता आपला नायट्रोजन. सूर्याहून मोठ्या ताऱ्यात कार्बन एकेक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा अणुगर्भ, घेत जातो, त्याचा नायट्रोजन होतो, आणि शेवटी हेलियम बाहेर टाकून पुन्हा कार्बन उरतो. या फेऱ्यात नायट्रोजनने पुढचा प्रोटॉन घेणं सगळ्यात संथ. जिनिंगमध्ये एक यंत्र हळू चाललं की त्याच्या अलीकडे कापसाचा ढीग लागतो ना, तसा नायट्रोजन साचतो. म्हातारा तारा फुगतो, त्याचे वरचे थर सुटतात आणि हा साठा अंतराळात पसरतो.

गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोखंडाची गोष्ट निराळी. ते बहुतांशी तारे फुटताना आधी निकेल-५६, म्हणजे अणुगर्भात ५६ कण असलेलं निकेल, म्हणून बनतं. त्यातलं निम्मं ६ दिवसांत कोबाल्ट होतं, आणि कोबाल्टमधलं निम्मं ७७ दिवसांत लोखंड. लोखंडाच्या पुढे अणू जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते.

मग सोनं? त्याला न्यूट्रॉनचा, म्हणजे अणुगर्भातल्या विद्युतभार नसलेल्या कणांचा, भडिमार लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्यांचे उरलेले अतिघट्ट गाभे, धडकल्याच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या, आणि मागून आलेल्या उजेडात जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. अशाच लहरी टिपणारी, ४-४ किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा आपल्या वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे.