“बाळा, प्रार्थना कर” : आठवी-नववीच्या मुलांवर एवढी मेहेरबानी कराच

सलाम मंडळी! आज दृढीकरणाच्या, म्हणजे मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गाबद्दल बोलायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलते. कारण मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. “ताई, मुलगा आठवीत गेला आणि उपासनेला यायचं नाही म्हणतो.” “मुलगी येते हो, पण तिचं लक्ष नसतं.” एका आजींनी तर थेट लिहिलंय, “नातवाला पाळकसाहेबांकडून समज द्यायची आहे, तुम्ही ओळखता का कोणाला?” आजी, समज देऊन विश्वास वाढत असता तर आपली सगळी मंडळी एव्हाना संत झाली असती.

आधी या वयाची अडचण काय आहे ते बघा. संडे स्कूल बारा-तेराला सुटतं. तिथे हातवारे करत गाणी म्हणायची आता लाज वाटते. तरुण संघात जावं, तर तिथे कॉलेजवाले, नोकरीवाले, एखाद्याचं लग्नही ठरलेलं. मधली ही पोरं कुठे असतात? शेवटच्या बाकावर, नाहीतर चर्चच्या आवारात कोणाच्या तरी गाडीवर बसलेली. आपण म्हणतो मुलं मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, दूर गेली. मला वाटतं, त्यांना बसायला जागाच ठेवली नव्हती.

आता नेहमीचे मुद्दे भराभर उरकते, ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहेत. बायबल वाचायला द्या, सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट पळते. उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सुरू केलेली मुलं लेवीय पुस्तकातल्या नियमांत अडकतात, मोठी माणसंही अडकतात. सुट्टीतल्या शिबिराला पाठवा. पेटी, गिटार, कॅजोन, जे वाजवता येत असेल ते उपासनेत वाजवू द्या. साउंड सिस्टीम सांभाळायला द्या, ती आपल्यापेक्षा चांगली सांभाळतात. आणि आई-बाप घरी कसे वागतात ते मुलं बघतात, यावर मी वेगळं काही बोलत नाही.

“आमची मुलं इंग्लिश मीडियमची, मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता येत नाही,” असंही खूप जण लिहितात. मग इंग्लिशमध्ये वाचू द्या ना! किंवा सोप्या मराठीतली भाषांतरं आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे. ते कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट, म्हणून नाक मुरडू नका. मी वर्गात वापरते आणि माझं काही बिघडलेलं नाही.

हां, आता मुद्द्यावर येते.

घरी पाहुणे आलेत. चहा झाला, चिवडा झाला. निघताना कोणीतरी म्हणतं, “चला, प्रार्थना करून निघू.” आणि आई लगेच, “बाळा, प्रार्थना कर.” चौदा वर्षांचं पोरगं. आवाज फुटलेला, ओठावर लव आलेली, समोर दोन काका, तीन मावश्या आणि एक चुलत बहीण, जी उद्या शाळेत सगळ्यांना सांगणार. ते डोळे मिटतं आणि एका दमात सुरू करतं, “हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आजच्या या सुंदर दिवसाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो, आम्ही अयोग्य असतानाही तू आम्हाला सांभाळलंस, येशूच्या नावाने मागतो, आमेन.” सगळे म्हणतात, “वा, किती छान प्रार्थना केली!”

काय छान केली? ती प्रार्थना त्याची नव्हतीच. ती त्याच्या आजोबांची होती. त्या दिवशी त्याला गणितात नापासाचा पेपर मिळाला होता, जवळच्या मित्राने ग्रुपमधून काढून टाकलं होतं, आणि तो देवाला म्हणतोय ‘सुंदर दिवस’. यातून तो एकच गोष्ट शिकतो : देवासमोर खरं बोलायचं नसतं, चांगलं बोलायचं असतं. दोन-तीन वर्षांनी हेच पोरगं म्हणतं, “मला प्रार्थनेत काही वाटत नाही,” आणि आपण मोबाईलला दोष देतो.

ही माझी पुरती चीड आहे, मान्य. पण ही माझ्या मनाची गोष्ट नाही. मत्तय सहावा अध्याय काढा. प्रभूची प्रार्थना आपण तोंडपाठ घेतो, पण तिच्या आधीच्या ओळी सोडून देतो. येशू म्हणतो, लोकांना दिसावं म्हणून उभं राहून प्रार्थना करू नका. खोलीत जा, दार लावा. आणि तीच तीच बडबड नको, मागण्याआधीच पित्याला तुमची गरज माहीत आहे. आपण नेमकं उलटं करतो, पोराला खोलीतून बाहेर ओढून पाहुण्यांसमोर उभं करतो.

मागे मी हे थोडक्यात बोलले होते, तेव्हा एका दादांनी कमेंट केली, “मुलांना देवाविरुद्ध तक्रार करायला शिकवता का? हा देवाचा अपमान आहे.” दादा, रागावू नका, पण स्तोत्रसंहिता, बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, वाचली आहे का पूर्ण? की फक्त तेविसावं, एकशे एकविसावं, आणि गाण्यात येतात तेवढीच? तेरावं स्तोत्र काढा. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा तोच प्रश्न, परमेश्वरा, कुठवर? कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड फिरवणार? अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून कडक आहे. ते सुरू होतं रडण्यात आणि संपतं अंधारात. शेवटी ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ असं काहीसुद्धा येत नाही. आणि ते स्तोत्र कोणी काढून टाकलेलं नाही, मंडळी शतकानुशतकं म्हणत आली. आणि वधस्तंभावर येशू काय म्हणाला? माझ्या देवा, तू मला का सोडलंस. ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे.

आणि ईयोब घ्या, बायबलमधला तो भला माणूस, ज्याचं सगळं हिरावलं गेलं. ईयोब सगळं पुस्तकभर देवाशी भांडतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेतात, एकदम शुद्ध, धार्मिक भाषेत. शेवटी देव बोलतो तेव्हा रागावतो कोणावर? मित्रांवर. त्या मित्रांपैकी अलीफजला म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाच्या बाजूने बोलून देवाचीच बोलणी खाल्ली! मला ही जागा फार आवडते. संडे स्कूलच्या शिक्षकांनी बेचाळिसावा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचावा, मीही त्यात आले.

मग करायचं काय, तर हे.

(वही दाखवते)

एक साधी वही. शंभर पानी, कुठलीही. वर्गात आम्ही तेरावं स्तोत्र वाचतो, मग प्रत्येकाने आपलं तेरावं स्तोत्र लिहायचं. मराठीत, इंग्लिशमध्ये, दोन्हीची खिचडी चालेल. “गॉड, प्लीज” अशी सुरुवात चालेल. तीन गोष्टी : काय झालं, मला काय वाटतंय, तू काय करावंस असं मला वाटतं. आभार मानायची सक्ती नाही. वाटले तर मानायचे. एका मुलाने लिहिलं होतं आणि स्वतःहून वाचून दाखवलं, “देवा, पप्पांची बदली झाली. मला कोणी विचारलं नाही. तूपण नाही विचारलंस.” एवढंच. आमेनसुद्धा नव्हतं. वर्गात कोणी हसलं नाही. मी त्याला काही समजावलं नाही, कारण बायबलमधल्या योसेफालाही, भावांनी विकल्यावर, मिसरात (इजिप्तमध्ये) नेताना कोणी विचारलं नव्हतं, पण ती गोष्ट त्याला त्या दिवशी सांगितली असती तर मी अलीफज झाले असते. ती त्याने काही आठवड्यांनी स्वतःच काढली.

वही कोणी वाचायची नाही. परत सांगते, आई, विशेष करून तुम्ही. कपाट आवरताना सापडली, सहज उघडली, असं नाही. एकदा वाचलीत की पुढच्या पानापासून पुन्हा ‘सुंदर दिवस’ सुरू होईल. फक्त एक अपवाद. मूल स्वतःहून काही सांगू लागलं, किंवा त्याच्या वागण्यातून दिसलं, की कोणी त्याला त्रास देतंय किंवा ते जिवाचं काही बरंवाईट करायच्या विचारात आहे, तर ‘आपण प्रार्थना करू’ म्हणून तिथे थांबायचं नाही. डॉक्टर, समुपदेशक, चाइल्डलाइन १०९८, लगेच. प्रार्थनाही करा, पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर.

आता तिसऱ्या बाजूने तेच सांगते, कारण मला माहीत आहे, काही जण अजून म्हणत असतील, “पण आमच्या घराण्यात चार पिढ्यांचा विश्वास आहे, तो आपोआप येईलच.” नाही येत. नगरकडच्या आपल्या लोकांना तर हे कवी ना. वा. टिळकांच्या घरातूनच कळायला हवं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी? १९०० साली. मधली पाच वर्षं बघा. नवरा एवढा मोठा कवी, एवढा तळमळीचा माणूस, तरी त्याचा विश्वास बायकोला लागू पडला नाही. त्या आधी काही काळ त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, रडल्या, रागावल्या, सोवळं-ओवळं पाळत राहिल्या, आणि जातिभेद माणसानेच केलाय हे स्वतःला पटलं तेव्हा पुढचं पाऊल टाकलं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा, त्यात हे सगळं हसत-हसवत सांगितलंय. टिळकांनी पहिल्या वर्षीच त्यांना पाहुण्यांसमोर उभं करून “लक्ष्मी, प्रार्थना कर” म्हटलं असतं, तर आपण ते पुस्तक वाचत असतो का, मला शंका आहे.

म्हणजे मुलाला पाच वर्षं मोकळं सोडायचं का? तसं नाही. घरची प्रार्थना बंद करू नका. पण तिथे आधी तुम्ही खरं बोला. रात्री जेवताना बाप जर म्हणाला, “देवा, आज मी ऑफिसात एका माणसावर फार ओरडलो, उद्या त्याच्याशी बोलायचं धाडस दे,” तर समोरचं पोरगं पोळी तोडता तोडता थांबतं, हे मी पाहिलंय. त्याला कळतं की इथे असंही बोलता येतं. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवा, आजारी मुलाला घेऊन आलेला. माझा विश्वास आहे, म्हणतो, आणि त्याच दमात, माझ्या अविश्वासाला मदत कर. येशूने त्याला आधी पूर्ण विश्वास घेऊन ये असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला.

आणि मूल विचारेल, “आजीसाठी आपण सगळ्यांनी प्रार्थना केली, मग ती का गेली?” तर कृपा करून ‘देवाची इच्छा’ म्हणून फाइल बंद करू नका. “मलाही हा प्रश्न पडतो” म्हणा आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र दोघांनी मिळून वाचा. नंतर गप्प बसलात तरी चालेल. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते, तेवढेच दिवस ते चांगले वागले.

एक शेवटची कमेंट घेते, कारण ती मला फार आवडली. एका काकूंनी विचारलंय, “सगळं पटलं, पण मग पाहुणे निघताना प्रार्थना करायची कोणी? शांतता पसरते, कोणीच पुढे होत नाही.” काकू, तुम्ही करा. नाहीतर पाहुण्यांना सांगा, चिवडा त्यांनीच खाल्लाय.