घोडा राहिला, स्वार गेला

(दृश्य: सकाळ. दक्षिण मुंबई. वाहनतळाशेजारी उंच चौथऱ्यावर काळा घोडा. मागे टॅक्स्यांचे हॉर्न.)

मुंबईत कुणालाही विचारा, काळा घोडा कुठे आहे? लगेच रस्ता सांगतील. मग विचारा, त्याच्यावर बसलंय कोण? आता मात्र समोरचा मान वर करून बघतो. पाठ रिकामी आहे. २०१७ साली इथे हा घोडा बसवला गेला तो बिनस्वाराचाच. वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची कल्पना, श्रीहरी भोसले यांचं शिल्प.

मूळ घोड्यावर स्वार होता, आणि तो साधासुधा नव्हता. १८७५च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज मुंबई बंदरात उतरला. हाच पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. त्या भेटीची आठवण राहावी म्हणून अल्बर्ट ससून या बगदादी ज्यू घराण्यातल्या व्यापाऱ्यानं शहराला पुतळा भेट दिला. शिल्पकार जोसेफ बोम, साल १८७९.

गंमत बघा. युवराज ब्राँझचा, घोडाही ब्राँझचा. दोघांचा रंग सारखाच. पण लोकांनी बारसं केलं ते घोड्याचं! युवराजाचं नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही.

१९६५ साली पुतळा इथून हलवला. पुढची ५२ वर्षं या चौकात घोडा नव्हता, तरी पत्ता घोड्याचाच सांगितला जायचा. ‘काळ्या घोड्याला सोडा’ म्हटल्यावर टॅक्सीवाल्यानं कधी ‘कुठला घोडा?’ असं विचारलं नाही. १९९९पासून इथे कलामहोत्सव भरू लागला, तोही नसलेल्या घोड्याच्या नावानं. म्हणजे नवा घोडा आला तेव्हा शहरानं काही नवीन उभारलं नाही. जिभेवर होतं तेच चौथऱ्यावर चढवलं. आणि चढवताना युवराजाची आठवण कुणाला झाली नाही.

(दृश्य: भायखळा. तिकीट खिडकीपुढची रांग. कडेवरची मुलं, डब्यांच्या पिशव्या.)

तो स्वार मग गेला कुठे? राणीच्या बागेत.

१८६२ साली ही बाग उघडली तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन. आजचं कागदावरचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आणि घरात मुलं हट्ट धरतात ती राणीच्या बागेचा. कुठली राणी, हा प्रश्न त्या हट्टात येत नाही. इंग्लंडचा भावी सम्राट इथे घोड्यावर ताठ बसलेला आहे आणि मुंबईकर त्याच्या समोरून पेंग्विन बघायला चालले आहेत.

याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. शहराच्या चौकाचौकांतून उतरवलेली इंग्रज मंडळी त्याच्या अंगणात आणून ठेवली आहेत. कुणाचं नाक गेलंय, कुणाचं शीर. त्यांच्या शेजाराला घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच हत्तीमुळे. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता. उचलताना तुटला, आणि म्हणून इथे राहिला.

(दृश्य: संगमरवरी राणी. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ. नाकाच्या जागी खडबडीत दगड.)

ही व्हिक्टोरिया. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला संगमरवर. १८७२ साली फोर्टात मोठ्या थाटात बसवला. १८९६ साली एका सकाळी शहर उठलं तर राणीच्या तोंडाला डांबर आणि गळ्यात खेटरांची माळ. चापेकर बंधूंचं हे काम. दामोदर चापेकरांनी पुढे आत्मवृत्तात त्याची कबुली दिली आहे. डाग काही केल्या निघेनात. शेवटी त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञानं ते काढले. आज त्या डांबराचा मागमूस नाही. पण शाळेत मुलांना सांगितलं जातं ते डांबराचंच. पुतळा कुणी दिला, कुणी घडवला, हे परीक्षेलाही येत नाही.

अपमान झाला, तशी पूजाही झाली. कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याचा पुतळा फोर्टातल्या मैदानात छत्रीखाली उभा होता. जुन्या नोंदी सांगतात की लोक तिथे फुलं वाहायचे, हात जोडायचे, आणि त्या जागेला ‘छोटं देऊळ’ म्हणायचे. हा देव नव्हे हो, असं साहेबांनी समजावून पाहिलं. फुलं यायची थांबली नाहीत. याला भोळेपणा म्हणून हसावं, असं मला वाटत नाही. छत्रीखाली दगडी मूर्ती दिसली की काय करायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कोण कॉर्नवॉलिस, याच्याशी त्या फुलांचा संबंध नव्हता.

जाता जाता खडा पारशी. भायखळ्याला बिडाच्या उंच खांबावर उभे असलेले हे शेठ म्हणजे करसेटजी माणेकजी. त्यांचे चिरंजीव माणेकजी करसेटजी मुलींच्या शिक्षणासाठी झटले, आणि वडिलांचं हे स्मारक त्यांनीच उभारलं. लोकांनी नाव ठेवलं, खडा पारशी. उभा आहे आणि पारशी आहे. पत्ता सांगायला एवढं पुरतं.

(दृश्य: फ्लोरा फाउंटन. कारंज्याचं पाणी. मग त्याच चौकटीत हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार.)

इथे गोष्ट जरा वेगळी होते. फ्लोरा ही फुलांची रोमन देवता. १८६४ साली जुन्या चर्चगेट दरवाजाच्या जागी हे कारंजं आलं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात मुंबईसह महाराष्ट्रासाठी मोर्चा आला आणि पोलिसांनी गोळीबार केला. १५ माणसं गेली. पुढे चळवळभर आकडा वाढत गेला आणि ‘१०५ हुतात्मे’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी कायमचा बसला. फ्लोराला कुणी हलवलं नाही. तिच्या शेजारी मशाल उभी केली आणि चौकाला हुतात्मा चौक म्हटलं. आज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर माणूस म्हणतो, ‘फाउंटनला भेटू’. आणि तोच माणूस २१ नोव्हेंबरला फूल ठेवायला येतो तेव्हा हुतात्मा चौकात येतो. दोन्ही नावं त्याचीच आहेत.

(दृश्य: पुणे-नगर रस्ता. पेरणे फाटा. १ जानेवारी. निळे झेंडे, पुस्तकांच्या पथाऱ्या, लांबच लांब रांग.)

आता मुंबई सोडू. भीमेच्या काठी एक दगडी स्तंभ आहे. तो ईस्ट इंडिया कंपनीनं स्वतःच्या कौतुकासाठी उभारला.

१ जानेवारी १८१८, कोरेगावची लढाई. कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची आठशेच्या आसपास माणसं आणि समोर पेशव्यांची कितीतरी मोठी फौज. लढाई नेमकी कुणाची, यावर अभ्यासक आजही भांडतात. कंपनीनं मात्र तो आपला विजय ठरवला, १८२१ साली पायाभरणी केली आणि मेलेल्या-जखमी झालेल्यांची नावं कोरली. त्यातली २२ नावं ‘नाक’नं संपतात. त्या काळी महार शिपायाच्या नावामागे ‘नाक’ लागायचं.

दगडावर नाव कोरणाऱ्या याच सरकारनं १८९०च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. पराक्रम दगडावर ठेवला आणि नातवंडांना दारातून परत पाठवलं. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांनी सरकारपुढे अर्ज ठेवले आणि या स्तंभाकडे बोट दाखवलं. साम्राज्याचीच साक्ष साम्राज्याविरुद्ध. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर इथे आले. त्यानंतर हा स्तंभ कंपनीचा राहिला नाही.

सगळ्यांनाच हे पटतं असं नाही. परकीयांच्या विजयाला मान का द्यायचा, असं विचारणारे आहेत. २०१८ साली याच दिवशी इथे हिंसाचार झाला. आता १ जानेवारीला मोठा बंदोबस्त असतो. तरी माणसं येतात. आदल्या रात्रीपासून, भाकरी बांधून, लेकरं घेऊन. स्टाँटनचं नाव त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतं.

(दृश्य: स्तंभाच्या पायथ्याशी गर्दी. एक तरुण पाटीचा फोटो काढून खाली येतो.)

आजोबांना पायऱ्या चढवल्या नाहीत. ते खाली, कठड्याला टेकून उभे आहेत. नातू मोबाइल पुढे करतो, दोन बोटांनी फोटो मोठा करतो. इंग्रजी मजकूर बाजूला सरकतो, नावं येतात. आजोबा चष्मा वर-खाली करून बघतात.

‘हे बघा, इथं नाक आहे,’ नातू म्हणतो.

‘दिसलं,’ आजोबा म्हणतात. ‘पुढचं दाखव.’