आधी कपडे काढा गं

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका दवाखान्यातली सिस्टर. आज मला विषय दिलाय रासायनिक हल्ल्यात सापडलेल्या लेकरांची काळजी, आता तुम्ही म्हणाल परभणी-हिंगोलीत कोण टाकायलंय गॅसचा बॉम्ब. पण जरा ऐका.

सरिन नावाचं विष १९३८ साली जर्मनीत सापडलं, तेही कीटकनाशकावर काम करता करता. म्हणजे कापसावर आपण जी औषधं फवारतो त्यातल्या बऱ्याच जणांचा हा भाऊबंदच. लक्षणं सारखी, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ गळते, छाती घरघरते, अंग फडफडतं मग झटके. इंजेक्शनही तेच, अॅट्रोपिन, आणि बाहुली मोठी झाली म्हणून ते थांबवायचं नसतं, छाती मोकळी होईस्तोवर डॉक्टर देत राहतात.

लेकराला त्रास आधी होतो. श्वास भरभर चालतो, कातडी पातळ, आणि सरिनची वाफ हवेपेक्षा जड म्हणून खालीच राहते, लेकराचं नाकही खालीच.

एकदा ऑगस्टात रात्री आखाड्यावरून चार वर्षांचं पोरगं आलं, बापानं फवारणीच्या ओल्या शर्टातच कडेवर घेतलेलं. आम्ही घाईत तसंच कॉटवर घेतलं आन् सलाईनसाठी शीर शोधत बसलो, थोड्या वेळानं माझंच डोकं ठणकायला लागलं, डोळ्यातून पाणी. मोठ्या सिस्टर आल्या आन् ओरडल्या, आधी कपडे काढा गं! टोकियोत १९९५ ला मेट्रोत सरिन सोडलं तेव्हाही असंच, पेशंट कपड्यांसकट आत घेतले आणि दवाखान्यातल्या लोकांनाच त्रास झाला.

तर कपडे कात्रीनं कापायचे, डोक्यावरून ओढायचे नाहीत, पिशवीत घालून तोंड बांधायचं. मग साबण आणि कोमट पाणी, गार नको कारण लेकरू लवकर गारठतं. कानामागं, मानेच्या घडीत, नखात, केसात, पण खसाखसा घासायचं नाही. हातात जाड रबरी मोजे. आणि मायला बाहेर काढू नका हो, तिच्यावरही उडालेलं असेल तर दोघांना सोबतच धुवा, मास्क-मोजेवाला माणूस बघून लेकरू आधीच किंचाळत असतं. गर्दी असली तर मनगटाला नावाची पट्टी, कपडे गेले की कोणाचं कोणतं कळत नाही.

घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, १०८ ला फोन लावा, औषधाची बाटली सोबत आणा.

ते पोरगं तिसऱ्या दिवशी उठून बसलं आन् पहिलं काय म्हणालं, माझी चड्डी कुठंय.