आधी पुस्तक कापायचं

(दृश्य : कटिंग मशीनचं पातं खाली येतं. पुस्तकाची पाठ सुटून पडते.)

पुस्तक कोरं करकरीत आहे, आणि ते अंध वाचकांना वाचता येईल असं करायचं आहे. पाठीकडून चार-पाच मिलिमीटर कापलं की खळ आणि शिलाई दोन्ही निघतात. कमी कापलं तर खळीचा पापुद्रा राहतो, दोन पानं चिकटून स्कॅनरमध्ये जातात आणि पृष्ठ ४५ नंतर एकदम ४८ येतं. जास्त कापलं तर ओळींची टोकं जातात.

(दृश्य : स्कॅनर पानं ओढतोय.)

मुंबईच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो. गठ्ठा फडफडवून, मोकळा करूनच ट्रेमध्ये लावायचा. ३०० डीपीआय, ग्रेस्केल. निव्वळ काळं-पांढरं स्कॅन केलं की बारीक अनुस्वार उडतात. ग्रंथालयाची प्रत अर्थातच कापता येत नाही. ती काचेवर एकेक पान उलटून. कागद पातळ असेल आणि मागची छपाई पुढे दिसत असेल, तर पानामागे काळा कागद धरायचा.

(दृश्य : पडद्यावर डावीकडे पान, उजवीकडे ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, ओळखलेला मजकूर. कर्सर एका शब्दावर थांबतो.)

खरा वेळ इथे जातो. 'भात'चा 'मात' होतो, 'घर'चं 'धर'. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला की दरीच्या जागी समुद्र येतो. पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव काढलं नाही, तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, ते दर पानाला वाक्याच्या मधोमध वाचतं. पृष्ठक्रमांक मात्र ठेवायचेच. वर्गात 'पान ११२ उघडा' म्हटलं, की या वाचकालाही तिथंच पोचायचं असतं.

आणि हे पुस्तक मुळात संगणकावरच जुळवलेलं होतं. पण प्रकाशकाकडची फाईल जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असते. त्यातला मजकूर कॉपी केला की हाती रोमन अक्षरांचा कचरा येतो. तीच फाईल युनिकोडमध्ये मिळाली तर आतापर्यंत दाखवलेलं एकही काम करावं लागत नाही. कायद्याची अडचण नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ अपंग वाचकांसाठी अशी प्रत करायला परवानगी देतं, आणि अशा प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारतच, २०१४ साली.

(दृश्य : शीर्षक निवडून 'हेडिंग १' लावलं जातं.)

अक्षर नुसतं ठळक आणि मोठं केल्याने शीर्षक होत नाही. शैली लावली तरच एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारा 'एच' दाबून प्रकरणामागून प्रकरण उडी मारू शकतो. नाहीतर शेवटचं प्रकरण गाठायला सगळं पुस्तक ऐका.

(दृश्य : ब्रेल एम्बॉसर, म्हणजे कागदावर ठिपके उठवणारं मशीन, सुरू. निवेदनाआधी पाच सेकंद फक्त मशीनचा आवाज.)

भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी. तिच्यात वेलांटी ऱ्हस्व असो वा दीर्घ, व्यंजनानंतरच येते. जोडाक्षरात हलन्ताचा ठिपका, सहांपैकी चौथा, व्यंजनाच्या आधी. रूपांतर सॉफ्टवेअर करतं, तपासतात बोटं. कागद नेहमीच्या छपाईच्या जवळजवळ दुप्पट जाड. दोन्ही बाजूंना ठिपके, मागचे पुढच्यांच्या मधल्या जागेत. तरी २०० पानांची कादंबरी ब्रेलमध्ये ४००च्या पुढे जाते, म्हणून तिचे खंड पाडावे लागतात. खंड उभे ठेवायचे. आडवे रचले की खालच्यांचे ठिपके दबतात.

(दृश्य : मुद्रितशोधकाची बोटं ओळीवरून. निवेदन नाही.)

मुंबईत हे काम जुनं आहे. वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ची, धोबी तलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३चं. २०१६पासून देशभरातल्या अशा फाईली 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात एकत्र मिळतात. एका संस्थेने केलेलं पुस्तक दुसरीला पुन्हा करावं लागत नाही, आणि सदस्य ते घरबसल्या फोनवर उतरवून घेतात.