ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

एका बँकेची खिडकी आहे. खिडकीमागे जाड भिंगांचा चष्मा लावलेला, बारीक मिशीचा एक कारकून बसलाय. समोर पैसे घ्यायला आलेल्या एक बाई उभ्या आहेत, आणि हा गृहस्थ नोटा मोजता मोजता त्यांना डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधल्या माणसांबद्दल सांगतोय. मांडीवर पुस्तक उघडं आहे. त्या नादात नोटा कमी मोजल्या जातात, बाई चिडतात, साहेब आत बोलावून दम भरतात. साहेबांना वाटतं, याला वाचनाचं व्यसन आहे. घरी बायकोलाही तसंच वाटतं. आणि याला वाटतं, दिवसातला थोडा वेळ कुणी आपल्याला वाचू दिलं तर किती बरं होईल!

या कारकुनाचं नाव हेन्री बेमिस. १९५९ सालच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर तो पहिल्यांदा दिसला. मालिका होती 'द ट्वायलाइट झोन'. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावायचा, उंबऱ्यावर बसायचं नाही, असं घरातली वडीलधारी माणसं सांगायची ना, तशा कातरवेळेच्या मुलखातल्या गोष्टी. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी पात्रं. ही भूमिका करणाऱ्या नटाचं नाव बर्जेस मेरेडिथ. आजची पंधरा मिनिटं मला त्याच्यासाठी हवी आहेत.

मी आयुष्यभर ग्रंथपाल होते. पुस्तकांवर शिक्के मारले, फाटलेल्या पाठींना खळ लावली, परत न आलेल्या पुस्तकांसाठी पत्रं लिहिली. त्यामुळे हा नट मला कसा दिसतो त्यात माझ्या नोकरीचा वाटा मोठा आहे, हे आधीच सांगते. मेरेडिथनं या मालिकेत चार प्रमुख भूमिका केल्या. इतक्या प्रमुख भूमिका त्याच्याखेरीज फक्त जॅक क्लगमन या नटाच्या वाट्याला आल्या. मेरेडिथच्या चारांपैकी तीन माणसं छापील अक्षराशी बांधलेली आहेत: एक वाचक, एक ग्रंथपाल आणि एक छापखान्यातला माणूस. चौथी कथा आहे घरोघर झाडणीयंत्र विकणाऱ्या एका भित्र्या विक्रेत्याची. मंगळावरचा दोन डोक्यांचा प्राणी त्याला तीनशे माणसांचं बळ देतो. ती गमतीची आहे आणि मेरेडिथनं ती मजेत केलीय, पण माझा जीव अडकलाय तो बाकीच्या तिघांत.

पुन्हा बेमिसकडे जाऊ. एका संध्याकाळी त्याची बायको त्याला गोड आवाजात म्हणते, त्या कवितांच्या पुस्तकातलं मला काही वाचून दाखवा ना. त्या क्षणी मेरेडिथचा चेहरा बघावा. आधी अविश्वास, मग असा आनंद की लहान मूल दिवाळीच्या पहाटे उठल्यासारखं वाटावं. तो धडपडत पुस्तक काढतो, उघडतो. पानावरची प्रत्येक ओळ खोडलेली आहे. तो पुढचं पान उलटतो, मग त्यापुढचं. एक तरी ओळ शाबूत सापडेल या आशेनं त्याची बोटं चालत राहतात. या प्रसंगात नट ओरडत नाही, रागावत नाही. कुणी आपल्याशी असं वागू शकतं हेच त्याला कळत नाहीये, एवढंच तो दाखवतो. माझ्या ग्रंथालयात ब्लेडनं कापलेली पानं सापडायची तेव्हा मी नेमकी अशीच पुढची पानं उलटत जायची.

बायकोचं पात्र पटकथेनं फार एकरंगी केलंय, हेही मला म्हणायचंय. ती इतकी दुष्ट का, याला कथेत काहीही आधार नाही. पण तिच्या दुष्टपणातून मेरेडिथनं जे काढलं, त्यानं ती उणीव झाकली जाते.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जेवणाच्या सुट्टीत निवांत वाचता यावं म्हणून बेमिस बँकेच्या तिजोरीघरात जाऊन बसतो. वर्तमानपत्रात हायड्रोजन बॉम्बची बातमी आहे. ती तो वाचतो आणि तेवढ्यात वर जग संपतं. बाहेर येऊन बघतो तर ढिगाऱ्यांखेरीज काही नाही. खायला डबाबंद अन्न भरपूर आहे, माणूस एकही नाही. इथपासून शेवटपर्यंत पडद्यावर एकटा मेरेडिथ आहे. बोलायला कुणी नाही, म्हणून तो स्वतःशी बोलतो. एकांतानं इतका खचतो की सापडलेलं पिस्तूल कानशिलाला लावतो. आणि तेव्हा त्याला दिसतं सार्वजनिक ग्रंथालय, पडझड झालेलं, पण पुस्तकं शाबूत असलेलं.

मग तो पायऱ्यांवर पुस्तकांच्या चळती रचतो. ही या महिन्याची, ही पुढच्या महिन्याची, ही पुढच्या वर्षाची. आता घाई नाही, कुणी हाक मारणार नाही. पहिलं पुस्तक उचलायला वाकतो आणि चष्मा नाकावरून घसरून दगडावर फुटतो.

लिन वेनेबल या लेखिकेची ही मूळ कथा १९५३ साली एका मासिकात आली होती. या मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंग, त्यानं तिची पटकथा केली, जॉन ब्राह्मनं दिग्दर्शन केलं. शेवटच्या धक्क्यासाठी ती नावाजली गेली. पण धक्का एकदाच बसतो. मी हा भाग निदान दहा वेळा पाहिलाय, चष्मा फुटणार हे ठाऊक असून पाहिलाय, आणि दर वेळी मी त्या पायऱ्यांवरच्या चळतींपाशी थांबते. तो माणूस पुस्तकांना हात कसा लावतो ते बघते. पुस्तकं हाताळणाऱ्या माणसाचे हात वेगळे असतात. मेरेडिथला ते माहीत होतं.

हा माणूस होता कोण? जन्म १९०७, ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड. सुरुवात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर. आणि श्रोतेहो, तो तुमच्याआमच्या माध्यमाचाही माणूस होता. १९३७ साली अमेरिकन रेडिओवर आर्चिबाल्ड मॅक्लीश या कवीची 'द फॉल ऑफ द सिटी' ही पद्यनाटिका झाली. एक शहर येणाऱ्या जेत्याला न लढता शरण जातं, अशी तिची गोष्ट. युरोपात त्या दिवसांत काय चाललं होतं ते आठवा. त्या नाटिकेत तरुण ऑर्सन वेल्स निवेदक होता, आणि शांततेचा उपदेश करणाऱ्या वक्त्याचा आवाज मेरेडिथचा होता. पुढे दोन वर्षांनी स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' या कादंबरीवरच्या चित्रपटात तो जॉर्ज, म्हणजे मुख्य पात्र, झाला. महायुद्धात सैन्यात होता. १९४५ साली अर्नी पाइल या युद्धवार्ताहराची भूमिका केली. म्हणजे तो प्रमुख भूमिका करणारा, नाव असलेला नट होता.

मग काळ फिरला. १९४७ साली अमेरिकी संसदेची समिती चित्रपटसृष्टीत कम्युनिस्ट शोधायला निघाली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्या कलावंतांत मेरेडिथ होता. १९५० च्या दशकात तो काळ्या यादीत गेला आणि चित्रपटांची दारं जवळजवळ बंद झाली. त्यानं नाटकाचा आसरा घेतला. १९५८ साली जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीवर बेतलेलं नाटक बसवलं. त्यात मुख्य नट झीरो मोस्टेल होता, तोही काळ्या यादीतलाच. चाळिशीत, ऐन भरात असलेल्या नटाला 'तुझं काम नाही' असं सांगितलं गेलं तर त्याच्या आत काय होत असेल?

हे मनात ठेवून १९६१ च्या जूनमधला 'द ऑब्सोलीट मॅन', म्हणजे 'कालबाह्य माणूस', हा भाग बघा. माझ्या मते त्याच्या चारांतलं सर्वांत मोठं काम हे.

एक राज्य आहे, गावाचं नाव नाही, साल नाही. प्रचंड उंच दारांचं, काळोखं न्यायालय. उंच चौथऱ्यावर निवाडा करणारा चान्सलर, म्हणजे फ्रिट्झ वीव्हर हा ताडमाड नट. खाली, दूरवर, अंगानं लहानखुरा मेरेडिथ. नाव वर्डस्वर्थ. धंदा काय, असं विचारल्यावर तो उत्तर देतो, ग्रंथपाल. राज्यानं पुस्तकं नष्ट केलीत, तेव्हा पुस्तकं नाहीत, ग्रंथालय नाही, म्हणून ग्रंथपालही नाही. तू कालबाह्य आहेस! शिक्षा मृत्यू, फक्त मरण कसं यावं ते त्यानं निवडायचं.

'ग्रंथपाल' हा शब्द मेरेडिथ कसा उच्चारतो, ते मी तुम्हाला करून दाखवू शकत नाही. त्यात बढाई नाही. आपलं नाव सांगावं तितक्या साधेपणानं तो म्हणतो. मला वाटतं, ज्यानं स्वतः दहा वर्षं 'तुझी गरज नाही' ऐकलंय, त्यालाच तो शब्द असा म्हणता येतो. चान्सलरचा आवाज त्या दालनात घुमत असतो. आणि समोरचा हा लहानसा माणूस आवाज चढवूनही भांडतो, घाबरतोही. त्याला भीती वाटते हे तो लपवत नाही, आणि म्हणून त्याचं धैर्य खरं वाटतं.

वर्डस्वर्थ मरणाची रीत गुप्त ठेवायची परवानगी घेतो, आणि आपलं मरण दूरचित्रवाणीवरून लोकांना दिसावं असंही मागतो. शेवटच्या तासाभरात चान्सलर त्याच्या खोलीवर येतो, टोचून बोलायला. वर्डस्वर्थ दाराला कुलूप लावतो. खोलीत बॉम्ब आहे, मध्यरात्री फुटेल. आता दोघंही आत, सारा देश बघतोय. आणि ग्रंथपाल कपाटातून वीस वर्षं लपवून ठेवलेलं बायबल काढतो आणि वाचायला बसतो.

इथे पाठ करून आलेला नट आणि वाचणारा नट यांतला फरक कळतो. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, हे तेविसावं स्तोत्र तो वाचतो तेव्हा आवाज हळूहळू सैल होत जातो. समोर उंच वीव्हर घामाघूम होत चाललाय, आणि खुर्चीतला हा माणूस मोठा होत चाललाय. दिग्दर्शक एलियट सिल्व्हरस्टाइननं प्रकाश आणि नेपथ्य फार विचारानं वापरलंय, पण उंचीची ही अदलाबदल घडते ती मेरेडिथच्या आवाजानं. शेवटी चान्सलर देवाच्या नावानं सुटका मागतो, आणि वर्डस्वर्थ देवाच्या नावानं त्याला किल्ली देतो. त्यानंतर चान्सलरचं काय होतं ते सांगत नाही, तुम्हीच बघा.

तिसरी भूमिका १९६३ मधली. इंग्रजी छापखान्यांत हरकाम्या पोराला 'छापखान्याचा सैतान' म्हणायची जुनी रीत होती, त्या शब्दावरच या भागाचं नाव आहे. बुडत चाललेल्या वर्तमानपत्राचा संपादक पुलावर जीव द्यायला गेलेला असताना त्याला मिस्टर स्मिथ भेटतो. तोंडात वेडीवाकडी चिरूट, ओठांवर तसंच वाकडं हसू. स्मिथ लायनोटाइपवर बसतो. कळफलकावर अक्षरं दाबली की वितळलेल्या शिशातून अख्खी ओळ ओतून देणारं ते यंत्र. आणि तो जी बातमी जुळवतो ती खरी घडते. हात कळांवर सराईतपणे फिरतात, डोळ्यांत चमक येते. ज्याच्या हाती अक्षर, त्याच्या हाती लोकांचं भवितव्य. वाचणाऱ्याचे हात दाखवणारा हाच नट इथे अक्षर विकणाऱ्याचे हात दाखवतो, आणि मला दोन्ही खरे वाटतात. तीन वर्षांनी 'बॅटमॅन' मालिकेत याच हसण्यातून, याच तोंडातल्या धुरातून त्याचा पेंग्विन हा खलनायक जन्मला आणि घराघरांतल्या मुलांना त्याचं नाव कळलं.

पुढचं भरभर सांगते. 'रॉकी'मधल्या म्हाताऱ्या मुष्टियुद्ध शिक्षकाला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका भूमिकेलाही मिळालं होतं. आणि १९७७ मध्ये त्याला एमी पारितोषिक मिळालं ते जोसेफ वेल्च या वकिलाच्या भूमिकेसाठी. हे वेल्च म्हणजे भर सुनावणीत, त्या काळात जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थींना, तुम्हाला काही लाजलज्जा उरली आहे का, असं विचारणारे वकील. ज्या काळानं मेरेडिथची कामं हिरावली, त्याच काळाला त्यानं पडद्यावर समोरासमोर जाब विचारला. ही बातमी वाचली तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

सर्लिंग १९७५ साली वारला, अवघ्या पन्नासाव्या वर्षी. आठ वर्षांनी त्याच्या मालिकेवर चित्रपट निघाला, तेव्हा पूर्वी सर्लिंग करत असे ते निवेदन कुणीतरी करायला हवं होतं. ते मेरेडिथनं केलं. चेहरा नाही, श्रेयनामावलीत नाव नाही, फक्त आवाज.

तुम्हाला बेमिसचा भाग कुठे पाहायला मिळाला, तर एक कराल? चष्मा फुटल्यावर डोळे मिटून घ्या. बेमिसलाही आता काही दिसत नाही. हे बरोबर नाही, आता तर वेळ होता, हवा तेवढा वेळ होता, असं काहीसं तो म्हणतो. आधी स्वतःशी, हळू, हिशेबात चूक सापडलेल्या कारकुनासारखं. मग तो आवाज कुठे तुटतो, ते ऐका.

नमस्कार.