पवनचक्की ‘३५ टक्केच’ चालते? एकदाचं समजून घेऊ

मागच्या व्हिडिओखाली एकच वाक्य इतक्या वेळा आलंय की मला ते पाठ झालंय. “ताई, पवनचक्की ३५ टक्केच चालते, उरलेला वेळ नुसती शोभेला उभी.” आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तर आज तेवढंच घेऊन बसलेय.

मूळ गोष्ट झटकन सांगते. वारा पाती फिरवतो, पाती जनित्र फिरवतात, जनित्रातून वीज निघते. शाळेत झालंय, पुढे चला.

आता हा ३५. याला म्हणतात कपॅसिटी फॅक्टर. समजा, २ मेगावॅटची पवनचक्की आहे. वर्षाचे ८,७६० तास ती पूर्ण ताकदीने चालली असती, तर झाली असती साधारण १ कोटी ७५ लाख युनिट. प्रत्यक्षात झाली समजा ६१ लाख. भागाकार करा, आले ३५ टक्के. संपलं. यात ती किती वेळ फिरली हे कुठे आलं? नाहीच आलं! चांगल्या जागेवरची पवनचक्की वर्षातले बहुतेक तास थोडीफार वीज देतच असते. पूर्ण क्षमतेने मात्र फार कमी तास.

नाही पटलं? गाडी घ्या. काट्याच्या तबकडीवर शेवटचा आकडा १६०. तुम्ही दिवसभर ४०ने चालवलीत. मग गाडी पाऊण दिवस बंद होती का? एक जण म्हणेल, “ताई, गाडीची गोष्ट वेगळी.” म्हणतोच कोणीतरी, दर वेळी.

बरं, मग वाऱ्याकडूनच बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. दोनाचा घन आठ, तेच गणित. पवनचक्की सेकंदाला तीन-चार मीटर वाऱ्याला वीज द्यायला लागते, बारा-तेराला पूर्ण ताकदीला पोचते आणि पंचवीसच्या आसपास स्वतःला वाचवायला थांबते. म्हणजे बाराच्या जागी सहाचा वारा असला, तर २ मेगावॅटची ती चक्की देणार जेमतेम पाव मेगावॅट. आणि फिरताना दिसणार मात्र झोकात!

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा एका पवनचक्कीच्या पायथ्याशी गेले होते. मनोऱ्याला खाली साधं लोखंडी दार असतं, आत छोटा पडदा. बाहेर पाती डौलात फिरतायत, सावली दर दीड-दोन सेकंदांनी अंगावरून जातेय, आणि पडद्यावर काय? वारा ५.८, वीज २३० किलोवॅट. मी तिथल्या तंत्रज्ञाला म्हटलं, “एवढीच?” तो म्हणाला, “मॅडम, फिरणं बघू नका, आकडा बघा.” त्यामुळे उलटी चूकही नको. फिरतेय म्हणजे भरपूर वीज, असंही नाही. आणि थांबलीय म्हणजे बिघडलीय असंही नाही. देखभाल चालू असेल, वारा अति असेल, किंवा ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याला, तेव्हा वीजच नको असेल. त्यामुळे थांबलेल्या चक्कीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरावा म्हणून पाठवणाऱ्यांनो, थोडं थांबा.

एक कबुली देते. सुरुवातीच्या एका व्हिडिओत मी याच ३५ला छातीठोकपणे ‘कार्यक्षमता’ म्हणाले होते. एका निवृत्त इंजिनिअर काकांनी तीन ओळींत माझी शिकवणी घेतली. कार्यक्षमता म्हणजे पात्यांवर आलेल्या वाऱ्यातली किती ऊर्जा पकडली. तिची कमाल मर्यादा ५९.३ टक्के, आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ साली दाखवून दिलेली. सगळी ऊर्जा काढून घेतली तर वारा पात्यांमागेच अडून बसेल, मग पुढचा येणार कुठून? तो व्हिडिओ मी काढला नाही. काकांची कमेंट वर पिन केलीय.

आता तो जुना फॉरवर्ड, “पवनचक्की बनवायला लागते तेवढी ऊर्जा ती आयुष्यात परत देत नाही.” देते हो. पोलाद, काँक्रीट, पाती, वाहतूक सगळं धरून ही फेड साधारण वर्षभराच्या आत होते, आणि चक्की चालते वीस-पंचवीस वर्षं. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २०१४च्या अहवालात पूर्ण आयुष्याचा हिशोब आहे. एका युनिटमागे कोळसा सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, गॅस ४९०, वारा ११-१२. शून्य नाही, हे मान्य. पण ८२० आणि १२ एकाच तागडीत टाकून “दोन्ही सारखंच प्रदूषण” म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकले.

“वारा पडला की कोळसा जाळावाच लागतो, मग फायदा काय?” हा प्रश्न मात्र रास्त आहे. वारा पडेल म्हणून तयार ठेवलेलं राखीव वीजकेंद्र कमी भाराने चालवलं की त्याची कार्यक्षमता घटते, थोडी बचत वाया जाते. तरी वारा असतानाच्या तासांत वाचलेलं इंधन त्याहून कितीतरी जास्त असतं. खरी पंचाईत सलग काही दिवस वाराही नाही आणि ऊनही नाही, तेव्हा होते. जर्मन लोकांनी याला शब्दच काढलाय, डुंकेलफ्लाउटं. काही तासांची बॅटरी तिथे पुरत नाही. शंका घ्यायची तर इथे घ्या, मी तुमच्या बाजूला बसेन.

जुनी पाती जमिनीत गाडतात, हेही खरं. मनोऱ्याचं पोलाद भंगारात जाऊन वितळतं, पण पाती काचतंतू आणि रेझिनची, म्हणजे ते तंतू घट्ट चिकटवणाऱ्या रसायनाची, आणि ही दोन्ही एकमेकांपासून सहज सुटी होत नाहीत. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परला ती कचराभूमीत ओळीने पुरल्याचे फोटो आहेत, खरे आहेत. वेगळं करता येईल अशा रेझिनची पाती आता बनायला लागलीत, पण जुन्या पात्यांना त्याचा काय उपयोग?

पक्ष्यांचं विचारणाऱ्यांसाठी, नॉर्वेत स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांचं तीनपैकी एकेक पातं काळं रंगवलं आणि तिथे मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या ७० टक्क्यांहून जास्त घटली. पण चारच चक्क्या आहेत हं त्या. वटवाघळांचं काय, हे विचारणाऱ्या तिघांना, काळ्या रंगाचा त्यांना उपयोग होईल असं मला वाटत नाही, ती रात्री उडतात. त्यांच्यासाठी मंद वाऱ्याच्या रात्री चक्की वारा थोडा वाढल्यावरच सुरू करतात, थोडी वीज सोडून देतात. म्हणजे कपॅसिटी फॅक्टर अजून किंचित खाली. आता याच्याखाली “बघा, ३५सुद्धा नाही” लिहू नका.